‘अं काप्रिस’चा पडदा पहिल्यांदा पॅरिसमध्ये उघडला नव्हता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आल्फ्रेद द म्युसे या फ्रेंच कवी-नाटककारावर आलेला लेख मी आवडीने वाचला. म्युसेच्या नाटकांविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, त्यामुळे लेखाचे स्वागतच करायला हवे. मात्र त्याच्या ‘अं काप्रिस’, म्हणजे ‘एक लहर’, या एकांकिकेविषयी लेखात जे विधान आले आहे, ते आहे तसे राहू नये असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. ही एकांकिका १८३७ मध्ये छापून आली, दहा वर्षे नियतकालिकाच्या पानांत पडून राहिली आणि २७ नोव्हेंबर १८४७ रोजी पॅरिसच्या कॉमेदी फ्रांसेझ या सरकारी नाट्यसंस्थेने तिला रंगभूमीवर आणले, असे लेखकाने म्हटले आहे. यातली तारीख बरोबर आहे, पण ती केवळ पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगाची तारीख आहे. ज्या दहा वर्षांत नाटक पडून होते असे म्हटले जाते, त्याच दहा वर्षांत रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, सेंट पीटर्सबर्गमध्ये, ते आधी रशियन भाषेत आणि मग फ्रेंचमध्ये खेळले गेले होते. पॅरिसला ते मिळाले ते तिथूनच.

ही चूक एकट्या लेखकाची नाही. म्युसेच्या नाटकांच्या छापील आवृत्त्यांत संहितेच्या आरंभी पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगाची तारीख देण्याचा प्रघात आहे, आणि वाचणारा तिलाच नाटकाची जन्मतारीख समजून पुढे जातो. फ्रेंच नाटकाचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होऊन पॅरिसमध्येच संपतो असे मानण्याची सवयही जुनी आहे. मोलिएरसारख्याच्या बाबतीत ती फारशी आड येत नाही, कारण त्याची नाटके आधी घरी गाजली आणि मग परदेशी गेली, पार मराठी रूपांतरांपर्यंत. ‘अं काप्रिस’च्या बाबतीत क्रम नेमका उलटा आहे आणि म्हणूनच तो नीट सांगायला हवा.

ज्यांनी एकांकिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिच्याविषयी दोन शब्द सांगतो. पडदा उघडतो तेव्हा मातिल्द ही तरुण पत्नी आपल्या खोलीत एकटीच बसून पैसे ठेवण्याचा जाळीदार बटवा विणते आहे. ‘आता एकच टाका, की झाला’ अशा अर्थाचे तिचे पहिलेच वाक्य आहे. नवऱ्याला नकळत चाललेले हे काम पुरे व्हायला फक्त गोंडे यायचे आहेत, ते दुकानातून अजून आलेले नाहीत, म्हणून ती नोकरावर करवादते. बटवा लाल आहे. तेवढ्यात नवरा, शाव्हिन्यी, येतो तो मादाम द ब्लँव्हील नावाच्या बाईने दिलेला निळा बटवा मिरवत. पुढचे सगळे नाट्य या दोन बटव्यांभोवती फिरते. मातिल्द विनवण्या करते, नवरा निळा बटवा सोडायला तयार होत नाही. तेव्हा तिची मैत्रीण मादाम द लेरी सूत्रे हाती घेते, मातिल्दला समारंभाला धाडून देते, लाल बटवा देणाऱ्याचे नाव न सांगता शाव्हिन्यीच्या हाती पडेल अशी व्यवस्था करते आणि स्वतः त्याच्याशी चहा घेत गप्पा मारत बसते. बटवा कुणी पाठवला या कुतूहलाने आणि त्याहून अधिक स्वतःच्या पुरुषी फुशारकीने शाव्हिन्यी पुरता गुरफटतो, निळा बटवा शेकोटीत जातो, आणि लाल बटवा आपल्याच बायकोने विणला होता हे कळल्यावर तो वरमतो. एवढीच गोष्ट. एक खोली, एक संध्याकाळ, तीन माणसे आणि एक नोकर.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की म्युसेची नाटके रंगमंचावर उभी राहू शकत नाहीत, ती वाचण्यासाठीच आहेत, हा पॅरिसच्या नाट्यव्यवसायातला समज लेखाने जसाच्या तसा स्वीकारला आहे. ‘लोरेंझाच्चो’च्या बाबतीत तो समज निदान समजण्याजोगा आहे. फ्लॉरेन्सभर पळणारे ते भलेमोठे नाटक १८९६ मध्ये सारा बेर्नार्त या अभिनेत्रीने नायकाची भूमिका स्वतः करून रंगभूमीवर आणले, तेव्हा म्युसेला जाऊन चाळीस वर्षे होत आली होती. पण ‘अं काप्रिस’मध्ये न खेळता येण्याजोगे काय आहे? तिला ना देखाव्याचा खर्च, ना नटांचा ताफा. चहाची किटली, दोन बटवे आणि पेटती शेकोटी एवढ्यावर ती उभी राहते. तेव्हा पॅरिसने तिला दहा वर्षे हात लावला नाही याचे कारण संहितेत शोधण्यात अर्थ नाही.

ते कारण बरेचसे १ डिसेंबर १८३० च्या रात्रीत आहे. त्या रात्री ओदेओं नाट्यगृहात म्युसेच्या ‘व्हेनिसची रात्र’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि प्रेक्षकांनी तो हुर्यो उडवून पाडला. नायिका पांढऱ्या सॅटिनच्या पोशाखात हिरव्या जाळीच्या कठड्याला टेकली, जाळीचा रंग ओला होता, आणि ती प्रेक्षकांकडे वळली तेव्हा तिच्या पोशाखावर हिरव्या चौकटी उमटल्या होत्या. मग हशाला आवर राहिला नाही, अशी हकीकत सांगितली जाते. म्युसेला विसावे वर्ष पुरे व्हायला तेव्हा दहा दिवस होते. त्याने रंगभूमीशी संबंधच तोडला आणि पुढे नाटके लिहिली ती छापण्यासाठी. १८३२ मध्ये त्यांचा जो संग्रह निघाला त्याचे नावच ‘आरामखुर्चीतला खेळ’ अशा अर्थाचे आहे. नाटककाराने स्वतःच दार लावून घेतले म्हटल्यावर नाट्यगृहांनी ते ठोठावण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यांच्याकडे स्क्रीब या लोकप्रिय नाटककाराची बेतशीर, हुकमी उत्पन्न देणारी नाटके होतीच.

तरीही एक गोष्ट मला नेहमी खटकते आणि लेखात तिचा उल्लेख नाही. ‘अं काप्रिस’ छापून आली ती ‘रेव्ह्यू दे द्यो माँद’ या पाक्षिकाच्या १५ जून १८३७ च्या अंकात. या पाक्षिकाचा संपादक फ्रांस्वा ब्युलोझ हाच १८३८ पासून कॉमेदी फ्रांसेझवर सरकारने नेमलेला अधिकारी होता. म्हणजे ज्या गृहस्थाने ही संहिता स्वतःच्या पाक्षिकात छापली, त्याच्याच हाती देशातल्या पहिल्या नाट्यगृहाचा कारभार जवळजवळ दहा वर्षे होता. संहिता कुणाला सापडली नाही, ती विस्मृतीत गेली होती, ही भाषा या एका गोष्टीपुढे टिकत नाही. संहिता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, ती नाटक आहे असे मात्र तिथे कुणाला वाटले नाही.

पीटर्सबर्गमध्ये ते वाटले, आणि लगेच वाटले. १८३७ सालीच, म्हणजे पॅरिसमध्ये छापून आल्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा, अलेक्झांद्रिन्स्की नाट्यगृहात ही एकांकिका रशियन भाषेत रंगभूमीवर आली. रूपांतर होते अलेक्झांद्रा कारातिगिना या अभिनेत्रीचे, आणि त्याला तिने ‘बाईची अक्कल साऱ्या विचारांहून सरस’ अशा अर्थाचे, म्हणीच्या ढंगाचे शीर्षक दिले होते. हे तेच नाट्यगृह, जिथे आदल्याच वर्षी गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’चा पहिला प्रयोग झाला होता. प्रेक्षक बरेचसे सरकारी नोकरदार आणि व्यापारी वर्गातले. पॅरिसच्या उच्चभ्रू दिवाणखान्यातली बटव्यांची चकमक त्यांच्यापुढे मांडण्याचे धाडस कारातिगिनाने केले, आणि त्यामागे तिची तयारी होती. माहेरची ती कोलोसोवा. तरुणपणी ती पॅरिसला जाऊन आली होती आणि ताल्मा व मादम्वाझेल मार्स या त्या काळच्या सर्वश्रेष्ठ फ्रेंच नटनटीकडून तिने धडे घेतले होते. (तिच्या पदार्पणानंतर पुश्किनने तिच्यावर एक खवचट कविता लिहिली होती आणि पुढे कवितेतूनच ती मागे घेतली होती, हे तिच्या बाबतीत आवर्जून सांगितले जाते, तिने म्युसेला रंगभूमी मिळवून दिली हे मात्र क्वचितच कुणी सांगते.)

ही केवळ एका अभिनेत्रीची हुशारी होती असेही मी म्हणणार नाही. तिथल्या नाट्यव्यवसायाची घडण तिला अनुकूल होती. पीटर्सबर्ग आणि जुनी राजधानी मॉस्को, या दोन्ही शहरांतली नाट्यगृहे राजदरबाराच्या मक्त्याखाली होती आणि हा मक्ता १८८२ पर्यंत टिकला. प्रमुख नटांना पगाराखेरीज बेनिफिट प्रयोग मिळत, म्हणजे त्या रात्रीचे उत्पन्न त्या नटाचे. साहजिकच अशा रात्रीसाठी नवे काहीतरी लागे, आणि एका रात्रीत एकच नाटक करण्याची रीत नसल्यामुळे मुख्य नाटकाच्या मागेपुढे लावायला एकअंकी विनोदी नाटकांना सतत मागणी असे. ती भागवण्यासाठी नट आणि नटी स्वतःच फ्रेंच नियतकालिके चाळत आणि भाषांतरे करत. पॅरिसमध्ये ‘रेव्ह्यू’ वाचणारे वाङ्मय म्हणून वाचत होते. पीटर्सबर्गमध्ये तीच पाने काही जण उद्याचा खेळ म्हणून वाचत होते. मला तर हाच सारा फरक वाटतो.

यानंतर ही हकीकत नेव्स्की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. अलेक्झांद्रिन्स्की या रस्त्याच्या एका अंगाला आहे आणि दुसऱ्या अंगाला, पायी काही मिनिटांच्या अंतरावर, १८३३ मध्ये उघडलेले मिखाईलोव्स्की नाट्यगृह. तिथे दरबाराच्या पदरी असलेली फ्रेंच मंडळी खेळ करत, आणि प्रेक्षकांत उमराव, वकिलातींतले लोक आणि प्रसंगी खुद्द राजघराण्यातली माणसे असत. या मंडळीत १८३७ पासून मादाम आलां-देप्रेओ ही अभिनेत्री होती. ती मूळची बेल्जियममधल्या माँस गावची, लहानपणापासून रंगभूमीवर वावरलेली आणि पॅरिसच्या जिम्नाझ नाट्यगृहात स्क्रीबच्या छोट्या विनोदी नाटकांवर घडलेली. रशियन रंगभूमीवर चाललेल्या एका लहानशा नाटकाची तारीफ तिच्या कानावर आली, नाटक तिला इतके पसंत पडले की आपल्याला करता यावे म्हणून त्याचे फ्रेंच भाषांतर करून द्या असे ती म्हणू लागली, आणि तेव्हा कुणीतरी तिला सांगितले की बाई, हे मूळ फ्रेंचच आहे. अशी गोष्ट म्युसेच्या चरित्रांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

गोष्ट मजेदार आहे आणि आपल्या लेखकाने ती वापरली असती तर लेखाची रंगत वाढली असती यात शंका नाही. पण मला ती जराशी अन्यायाची वाटते. तिच्यात कारातिगिनाचे नाव येत नाही. रशियन प्रयोग हा केवळ एक गंमतीदार आडवळणाचा रस्ता ठरतो, आणि नाटक जणू कुणाच्याही निवडीवाचून, चुकूनमाकून तिथे पोचले असा भास होतो. प्रत्यक्षात एका अभिनेत्रीने ते मुद्दाम निवडले, भाषांतरित केले आणि प्रयोगाला लावले. दुसऱ्या अभिनेत्रीने त्यातली मादाम द लेरीची भूमिका हेरली, ती मूळ भाषेत पीटर्सबर्गच्या प्रेक्षकांपुढे केली आणि १८४७ मध्ये परतताना ते नाटक आपल्याबरोबर आणले. योगायोगाचा भाग असलाच तर तो दोघी एकाच शहरात होत्या एवढाच.

मादाम द लेरीच्या भूमिकेत काय आहे हे पाहिले तर नटीनेच हे नाटक ओळखावे यात नवल वाटत नाही. वाचताना तिची पुष्कळशी वाक्ये किरकोळ वाटतात. हवा, समारंभाची गर्दी, चहा, निळा बटवा आपल्या जुन्या ओळखीचा आहे असा टोमणा. कथानक पुढे नेणारे त्यांत वरवर काही नाही. शाव्हिन्यीला ती कुठल्या क्षणी खेळवते आणि कुठल्या क्षणी स्वतः थोडी हलते, हे छापील पानावर दिसत नाही; चहा ओतताना घेतलेल्या थांब्यात आणि आवाजाच्या चढउतारात ते दिसते. आरामखुर्चीतल्या वाचकाला म्हणूनच हे नाटक हलकेफुलके वाटून सुटते, आणि ज्याला उद्या ते उभे करायचे आहे त्याच्या लक्षात येते की शेवटच्या प्रवेशात भूमिकेची सगळी कमाई आहे.

पॅरिसमध्ये तालमींनाही कुरकुर झालीच. रोजच्या बोलण्यातले सैल उद्गार कॉमेदी फ्रांसेझच्या रंगमंचावर उच्चारले जावेत हे सांसोंसारख्या मुरब्बी नटाला रुचले नाही, आणि मादाम द लेरीच्या तोंडचा एक घरगुती अभिवादनाचा उद्गार ऐकून ‘ही कुठली भाषा?’ असे तो म्हणाला, असे सांगतात. प्रयोगात मादाम आलां-देप्रेओने मादाम द लेरीची, ब्रँदोने शाव्हिन्यीची आणि मादम्वाझेल ज्युदीतने मातिल्दची भूमिका केली. तो शनिवार होता. कवी-समीक्षक तेओफील गोत्येने ‘ला प्रेस’ या वृत्तपत्रातल्या परीक्षणात या छोट्या अंकाला सरळ मोठी वाङ्मयीन घटना म्हटले, अठराव्या शतकातल्या मारिव्हो या नाटककारानंतर इतके नाजूक आणि तरल काही या नाट्यगृहात आले नव्हते असे तो लिहितो, आणि नियतकालिकाच्या पानांत गाडली गेलेली ही कलाकृती आम्ही स्वीकारावी म्हणून पीटर्सबर्गच्या, त्या ‘बर्फाळ अथेन्स’च्या, रशियनांना ती शोधून काढावी लागली, असा चिमटाही घेतो. म्हणजे पहिल्या प्रयोगाचे पॅरिसमधले पहिले मोठे परीक्षणच पीटर्सबर्गचे श्रेय मोकळेपणाने देते. नंतरच्यांनी ते गाळले.

पुढचे सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. एप्रिल १८४८ मध्ये ‘दार एकतर उघडे हवे नाहीतर बंद’ या अर्थाच्या म्हणीवर बेतलेली एकांकिका कॉमेदी फ्रांसेझने केली, तीतही मादाम आलां-देप्रेओ आणि ब्रँदो हेच दोघे होते. २२ जून १८४८ रोजी आणखी एक नाटक आले आणि दुसऱ्याच दिवशी कामगारांच्या उठावात पॅरिसच्या रस्त्यांवर मोर्चेबंदी होऊन गोळीबार सुरू झाला. १८३० मध्ये दार लावून बसलेला म्युसे अशा रीतीने वर्षभरात पॅरिसच्या रंगभूमीवरचा चालता नाटककार झाला, १८५२ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आला आणि १८५७ मध्ये वारला. मादाम आलां-देप्रेओ त्याच्या आधी एक वर्ष गेली. त्याच्या मृत्यूनंतर ‘प्रेमाची थट्टा करू नये’ १८६१ मध्ये आणि ‘फांताझियो’ १८६६ मध्ये रंगमंचावर आले. ‘अं काप्रिस’ने दार उघडले नसते तर हे सारे घडलेच नसते असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण ज्या क्रमाने घडले त्यात आरंभी ती आहे आणि तिच्या आरंभी पीटर्सबर्ग आहे.

लेखात म्युसेच्या नाटकांचा परदेशांतील प्रभाव या मुद्द्याखाली रशियाचा उल्लेखच नाही, तोही यायला हवा होता. रशियन लेखक इव्हान तुर्गेनेव्ह १८४७ पासून काही वर्षे प्रामुख्याने फ्रान्समध्ये राहत होता. १८४८ मध्ये त्याने ‘जिथे बारीक तिथेच तुटते’ ही एकांकिका लिहिली. शीर्षक म्हणीचे, जागा एका जमीनदाराच्या घरातली, आणि प्रेम कबूल करावे की न करावे या घोळात बोलत राहणारी दोन माणसे. तिच्यावर म्युसेच्या छोट्या नाटकांची छाप आहे हे रशियन अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवले आहे. त्याच वर्षी ती ‘सोव्रेमेन्निक’ मासिकात छापली गेली आणि १८५१ मध्ये पीटर्सबर्गमध्ये तिचा प्रयोग झाला. तुर्गेनेव्हच्या नायकापेक्षा शाव्हिन्यी अधिक उथळ आहे आणि मादाम द लेरीइतकी चलाख बाई तुर्गेनेव्हने त्या नाटकात उभी केलेली नाही, असे माझे मत आहे. इतरांचे वेगळे असू शकेल. पण चेखॉव्हपर्यंत जाणाऱ्या वाटेवर, जिथे माणसे चहा पीत बोलत राहतात आणि बोलण्याखाली भलतेच काही चाललेले असते, तिथे या एकांकिकेचा एक लहान दगड आहे हे नाकारता येत नाही.

आपल्या लेखमालेचा पुढचा भाग म्युसेच्या दीर्घ नाटकांवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यासोबत प्रयोगांची तारीखवार यादी छापणार असाल, तर ‘अं काप्रिस’पुढे पहिली नोंद सेंट पीटर्सबर्ग, अलेक्झांद्रिन्स्की नाट्यगृह, १८३७, रूपांतर अलेक्झांद्रा कारातिगिना, अशी असावी, आणि कॉमेदी फ्रांसेझची नोंद तिच्याखाली यावी, एवढी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक